बेहड्याची बाळंतीण

माझा थोरला मुलगा म्हणतो, "अण्णा, झालं ते झालं. पंचक्रोशीत तुमचं नाव आहे, ते राहू द्या की तसंच." नाव राहिले म्हणजे घरच्या सोयरिकी चांगल्या जुळतात, हे त्याच्या मनात आहे, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण नाव माझे आहे आणि त्याच्या पोटातले खोटेही माझेच आहे. उभा जन्म शाळेत पोरांना खरे बोलावे म्हणून सांगण्यात गेला. त्याच तोंडाने मी गावात कौतुक ऐकून घेतले. आता ऐकून घेणार नाही. मुलाने आज सकाळी दौत उचलून फडताळात ठेवली होती. मी ती काढून घेतली आहे.

आमचे गाव कर्जतहून कशेळ्याकडे जाताना दोन कोसांवर, डोंगराच्या अंगाला. घर चौघांचे : आबा, आई, माझी थोरली बहीण सखूताई आणि मी. सखूताई खालापूरकडे दिली होती, त्यामुळे एरवी तिघेच. ओटीवर खुंटीला आबांची ठासणीची बंदूक टांगलेली असे. रानडुकरे भातात शिरत म्हणून ती परवान्याने मिळाली होती, आणि आबा तिला घरातल्या माणसासारखे पुसत. सकाळी उखळात मुसळाचा आवाज, मग आईच्या हातावर थापल्या जाणाऱ्या तांदळाच्या भाकरीचा. वालाचे बिरडे असले की घरभर लसणीचा वास. आणि वारा पडला की लांबून, घाट चढणाऱ्या आगगाडीची धाप ऐकू येई. गाडी तेव्हा नवी होती. आई हातातले काम थांबवून ऐकायची आणि म्हणायची, "बिचारी दमली गं बाय." आता नेरळहून माथेरानलाही छोटी गाडी जाते, लोक हौसेने बसून येतात, पण त्या पहिल्या गाडीची धाप ऐकून कोणाला कीव आलेली मी पुन्हा पाहिली नाही.

त्याच आवाजाचा एक पक्षी आमच्या डोंगरात होता. काळापांढरा, गिधाडाएवढा, चोचीवर आणखी एक पिवळी चोच उपडी घातल्यासारखी. आमच्याकडे सगळे त्याला गरुडच म्हणत. त्याचे नाव धनेश हे मी पुढे पुस्तकात वाचले. तो डोक्यावरून गेला की पंखांचा असा घसघशीत आवाज येई की नवखा माणूस रूळ शोधू लागे. वरच्या ठाकरवाडीतली चांगी आमच्याकडे मध आणि रानातले करांदे कंद घेऊन यायची आणि बदल्यात भात नेई. तिला मी एकदा म्हणालो, "चांगीबाय, ह्यो पक्षी अगदी गाडीवानी वाजतो." ती ओटीच्या पायरीवर बसून पान लावत होती. म्हणाली, "गाडी काल आली रं. ह्यो कवाचा हाय? गाडीच ह्याच्यावानी वाजती." मी त्यावर खूप हसलो होतो. शाळेत चार यत्ता शिकलेला मुलगा होतो ना.

चांगीचा मुलगा पदू माझ्याच वयाचा, सतरा-अठराचा. त्यानेच मला ते झाड दाखवले. आमच्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजतात. झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण असे थरावर थर पसरून पेटवायचे, त्याला राब म्हणतात. त्यासाठी दरसाल डोंगरातली झाडे माणसाला हात पुरेल तिथवर छाटली जातात. डोंगराकडे पाहिले की सगळी झाडे मुंडण केल्यासारखी. त्यात ठाकरवाडीच्या वरच्या अंगाला एक बेहडा मात्र बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरवागार, एक डहाळी तुटलेली नाही. त्याच्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर कडुनिंबाचा डहाळा बांधला होता. तो पाहून मी पदूला विचारले, "हितं कोन बाळंत हाय?" कारण आमच्यात बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला तसाच निंब लावतात. पदूने नुसते वर बोट केले.

आम्ही समोरच्या कातळावर पालथे पडून राहिलो. उन्हे वर आल्यावर नर आला. बेहड्याला दोन पुरुष उंचीवर एक ढोली होती, पण तिचे तोंड मातीने लिंपून बंद केलेले. मध्ये बोटभर रुंदीची उभी फट. नराने फटीवर चोच वाजवली. आतून दुसऱ्या चोचीचे टोक बाहेर आले. मग त्याने मान वर-खाली करून घशातून एक उंबर काढले, दिले. दुसरे काढले, दिले. उंबरे संपेनात. मला हसू आवरेना. पदूने सांगितले, मादी आत अंडी घालते आणि स्वतःच्या हाताने, म्हणजे चोचीने, दार लिंपून घेते. पिल्लू मोठे होईपर्यंत बाहेर येत नाही. तोवर सगळे जेवण नराने आणायचे. तोवर वाडीतला कोणी त्या झाडाजवळ कोयता चालवीत नाही, राब पेटवीत नाही, ओढ्याकाठच्या उंबराची फळे तोडत नाही. ती बाहेर आली की निंब सोडायचा. हे त्याला त्याच्या आजीने सांगितले होते, तिला तिच्या. मी त्या कातळावर पडल्या पडल्या जे शिकलो ते पुढच्या कोणत्याही शाळेत शिकलो नाही, आणि पंधरा दिवसांच्या आत त्यावर पाणी सोडले.

सखूताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. खोलीत शेगडीवर ओवा-शेपांची धुरी, दाराला निंब, सगळे रीतीप्रमाणे. पण दुसऱ्या आठवड्यात तिचे सांधे धरले. बोटे वळेनात. पोर रडू लागले की ती नुसते डोळ्यांनी त्याला घ्यायची. हात उचलत नसत. कशेळ्याचे वैद्य आले, नाडी पाहिली, काढा दिला, आणि जाताना आबांना म्हणाले, "गरुडाच्या चरबीचं तेल मिळालं तर बघा. बाळंतवाताला त्यासारखं काही नाही." आबांच्या डोळ्यांवर तेव्हा मोतीबिंदूचा सारा येऊ लागला होता. त्यांनी खुंटीवरची बंदूक काढून माझ्या हातात दिली.

"ठाव हाय ना तुला, कुठं येतो त्यो?"

"हाय."

"मंग उभा का?"

मला ठाऊक नव्हते, असे मी नंतर चाळीस वर्षे स्वतःला सांगत आलो. आत मादी आहे हे मला माहीत नव्हते, बहिणीचे हाल बघवले नाहीत, लहान होतो. यातले मधले तेवढे खरे आहे. मी निघालो तेव्हा आई सखूताईच्या दाराचा वाळलेला निंब काढून ताजा लावत होती. तो डहाळा मी पाहिला, आणि वरचा डहाळा मला आठवला. तरी गेलो. त्याच कातळावर पालथा पडलो. नराने फटीवर चोच वाजवली, आतून टोक बाहेर आले, आणि पहिले उंबर त्याच्या घशातून वर येत होते तेव्हा मी चाप ओढला. उंबर फटीपर्यंत पोचले नाही.

तेलाचा वास उग्र होता. सखूताईने नाक मुरडून विचारले, "कसलं हाय रं ह्ये?" मी म्हणालो, "वैद्यांचं." आठ-दहा दिवसांत तिचे हात उचलू लागले. तेलाने की काढ्याने, की आईच्या शेकण्याने, मला सांगता येणार नाही. आबा तेलानेच म्हणत. मी कधी म्हटले नाही.

पक्षी मारल्याच्या दुसऱ्याच दिवशी चांगी आली. डोक्यावर टोपली नव्हती. अंगणाच्या बाहेर उभी राहून तिने हाक मारली, "गणू, भाईर ये रं." तिच्या हातात शेपटीचे एक पीस होते, पांढरे, मध्ये काळा पट्टा. मला वाटले शिव्या देईल. तिने पीस माझ्या हातात दिले.

"मारलास त्यो मारलास. आता तिला खायाला कोन घालील? तुजा आबा?"

मी घाईने म्हणालो, "मी जातो, भिंत फोडतो. जाईल उडून."

चांगी हसली. ते हसू चांगले नव्हते. "फोड की. पंखाची पिसं झाडून बसलीया ती. बाळंतीन हाय, उघडी. खाली पडंल आन् कोल्हा नेईल."

"मंग काय करू?"

"मंग काय? दादला मारलास, आता दादल्याचं काम कर."

त्या दिवसापासून वैशाख संपत येईपर्यंत मी ते काम केले. एकट्याने नाही, हे ठासून लिहितो, कारण लोक सांगतात ते एकट्याचे. बांबू पदूने तोडला. त्याच्या टोकाला चीर देऊन फळ धरून राहील असा चिमटा चांगीने केला. ओढ्याकाठच्या उंबराची फळे, जी वाडीने कोणाला तोडू दिली नव्हती, ती वाडीतल्या बायकांनी आणून दिली. शेजारच्या झाडावर चढून, फांदीला कंबर बांधून, मी फक्त बांबू धरायचो. पहिल्या दिवशी मादीने बांबूवर अशी चोच हाणली की मी पडता पडता वाचलो. दुसऱ्या दिवशी फळ घेतले आणि बाहेर फेकले. खालून पदू ओरडला, "काय रं गरुडाच्या दादल्या, बायको रुसली का?" सगळी वाडी हसली. चांगीने मला खाली बोलावले आणि म्हणाली, आधी बांबूने फटीवर वाजव, तो वाजवायचा तसे. तिसऱ्या दिवशी मी टकटक केले. बराच वेळ काही नाही. मग चोचीचे टोक आले, उंबर टिपले आणि आत गेले. पुढची चार फळे मी घाईत खालीच पाडली.

मग तेच रोजचे झाले. सकाळी दोनदा, उन्हे कलल्यावर दोनदा. फळाबरोबर कधी सरडा, कधी नाकतोडे. ते पकडायला पदू पटाईत. घरी मी सांगायचो, राबाची राखण करतो. वाडीत मला कोणी गणू म्हणेना, दादलाच म्हणत. एके दिवशी फटीतून दुसरा आवाज आला, बारीक, चिरका. चांगी बुंध्याशी उभी होती. तिने कान झाडाला लावला आणि मान हलवली. मला ते मुलगा झाल्याचे सांगण्यासारखे वाटले. नंतर मला स्वतःची पाच मुले झाली, पण ते वाटणे पुन्हा तसे आले नाही.

वैशाखात लाकडाच्या ठेकेदाराची माणसे आली. डोंगरातली मोठी झाडे तोडून कोळशाच्या भट्ट्या लावायच्या होत्या. खालापूरकडून आलेला एक मुकादम, झाडे तोडणारे दहा-बारा तोडे, आणि लाकूड वाहायला आमच्याच गावच्या गाड्या; त्यातली एक आबांची. सगळी झाडे छाटलेली आणि एकच बेहडा भरगच्च, तेव्हा मुकादमाची नजर दुसरीकडे कशाला जाईल? वाडीने जे झाड जपले तेच जपल्यामुळे डोळ्यांत आले. मी पोचलो तेव्हा चांगी बुंध्याला पाठ लावून बसली होती आणि तोडे कुऱ्हाडी घेऊन भोवती उभे होते.

"उठ गं म्हातारे. झाडाला कसली आलीय बाळंतीन?"

"हाय. आत हाय."

"सकाळधरनं बघतोय मी. एक पाखरू फिरकलं नाय हितं. लिंपलेलं भोक हाय नुसतं, कुंभारमाशीचं असंल." मुकादम तोड्यांकडे वळला. "लावा घाव."

नर फिरकत नव्हता हे खरेच होते. तो यायचा असता तर बोलायची गरजच पडली नसती. मी पुढे झालो आणि म्हणालो, "पाखरू येत नाय, कारन त्याला मी मारला."

आबा गाडीवरून उतरले. गावात त्यांनी तेल बाजारातून आणले असे सांगितले होते. बंदुकीचा परवाना डुकरांपुरताच होता. त्यांनी एकच वाक्य म्हटले : "गणू, तोंड मिट आन् घरी चल."

"नाय येनार."

आबांना मी त्याआधी कधी नाही म्हटले नव्हते. मुकादम म्हणाला, "पोराला भूत लागलंय." मी त्याला म्हणालो, "लागलंय. आता बघा त्याला जेवताना." पदूने बांबू दिला. मी शेजारच्या झाडावर चढलो, फटीवर टकटक केली. खाली सगळ्यांनी माना वर केल्या. मला आठवते, मी मनात तिला विनवीत होतो : आज रुसू नकोस, आज एवढे खा. चोच आली. भर उन्हात, सगळ्यांसमोर, पिवळ्या चोचीचे टोक त्या बोटभर फटीतून आले, उंबर घेतले, आणि मागून पिल्लू चिरकले.

तोड्यांमध्ये एक पिकल्या मिशांचा होता. तो झाडाजवळ गेला, बुंध्याचा निंब हातात धरून पाहिला. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून मागे सरला. "मुकादम, माजी सून बी बाळंत हाय. मी नाय हितं घाव घालनार."

"मंग मी घालतो," मुकादम म्हणाला.

"घाला," चांगी बसल्या जागेवरून म्हणाली. "पयला माझ्यावर बसंल."

त्याने कुऱ्हाड उचललीही होती. पण मागे वळून पाहिले तर एकही तोड्या त्याच्या बाजूला उभा नव्हता, आणि चांगी हललेली नव्हती. तो थुंकला आणि दुसरे झाड दाखवायला निघून गेला. त्या आठवड्यात खालचा सगळा उतार बोडका झाला. बेहडा राहिला.

आबा पावसाळाभर माझ्याशी बोलले नाहीत. सखूताईला कळले तेव्हा तिने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "माझ्या अंगाला लावलंस त्ये?" एवढेच. मात्र सासरी जाण्याआधी तिने हट्ट धरला आणि पोराला झोळीत घालून वर आली. त्याच सकाळी मादीने आतून भिंत फोडली. अर्धा प्रहर चोचीने ढेकूळ ढेकूळ पाडीत होती. बाहेर येऊन फांदीवर बसली, मळकी, नव्या पिसांची, आणि आमच्यातल्या कोणाकडेही न पाहता उडाली. गाडी घाट चढावी तसा आवाज. सखूताईचे पोर दचकून रडले. तिने त्याला दोन्ही हातांनी उचलले. आणि ढोलीतल्या पिल्लाने, त्याला कोणी न शिकवता, फुटलेले दार आतून पुन्हा लिंपायला घेतले.

इथवरची गोष्ट लोकांना ठाऊक आहे, फक्त पुढे सांगता सांगता त्यातून बंदूक गळाली आणि चांगीही. चांगी कशी वगळली गेली तेही लिहितो. काही वर्षांनी रानाच्या हद्दी आखायला एक साहेब आले. मी तोवर मास्तर झालो होतो. ते बेहड्याखाली खुर्ची टाकून बसले आणि दुभाष्याने विचारले, हे झाड कोणी राखले? गावाने मला पुढे ढकलले. चांगी तिथेच उभी होती, हातात कोयता, कारण ती राबाचे टहाळ तोडून येत होती. मी तिच्या हातातल्या कोयत्याकडे पाहिले, साहेबांच्या कागदाकडे पाहिले आणि म्हणालो, "मी." कागदावर माझे नाव लागले, रान राखणारा म्हणून. त्याच कागदात खाली आले की वरच्या वाडीचे लोक झाडे छाटतात, सबब त्यांनी ओढ्याखाली उतरावे. मला वाचता येत होते. मी वाचले आणि सही केली. वाडी उठली त्या दिवशी चांगी माझ्या दारी आली आणि म्हणाली, "बाकी ऱ्हाऊ दे. निंब तेवढा बांधू दे रं आमाला." मी म्हणालो, बघतो. पाहिले नाही. ती वारली तेव्हाही वाडी ओढ्याखालीच होती.

आमच्या डोंगरात तो पक्षी अजून ज्यांच्यामुळे आहे, त्यांनाच डोंगरात जायची मनाई आहे. कागदात रान मी राखले. खोटे आहे. मी त्यातला एक नर मारला. रान चांगीने राखले, तिच्या आजीने राखले, पदूने राखले. कचेरीत असा अर्ज मी दोनदा दिला आहे. कारकून म्हणाला, मास्तर, वयोमानाने तुमच्या लक्षात राहत नाही. तिसरा अर्ज लिहून तयार आहे.

आणि यंदा फाल्गुनात मी पदूच्या दारी गेलो. तोही आता माझ्यासारखाच काठी टेकतो. त्याने कडुनिंबाचा डहाळा तोडला आणि आम्ही दोघे वर निघालो. हद्दीच्या दगडापाशी राखणदाराने हात आडवा केला. मला त्याने ओळखले; माझाच विद्यार्थी.

"मास्तर, तुमी जावा. तुमच्यासंगं आलेल्याला सोडता येनार नाय."

"बाळा," मी म्हणालो, "तो माझ्यासंगं आलेला नाय. मी त्याच्यासंगं आलोय. आडवायचं तर मला आडव."

त्याने आडवले नाही. बेहडा आता आणखी जाड झाला आहे. डहाळा बांधायला दोरी पुरेना, म्हणून पदूने डोक्याचे मुंडासे सोडले. वर फट ताजी लिंपलेली होती. पदूने वर पाहिले, मग माझ्याकडे, आणि इतक्या वर्षांनी दात नसलेल्या तोंडाने विचारले, "काय रं दादल्या, चढतोस का?"

निंब पदूने बांधला. मी नुसते एक टोक धरून होतो.